मदत हवी आहे: पार्किन्सन व्हाइसचा हाफ नट सुटतो, नानांच्या खुणा न पुसता दुरुस्ती कशी करावी?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितो आहे. जुने बेंच व्हाइस, म्हणजे बाकावर बसवून काम घट्ट धरायचे शिकंजे, जमवण्याचा मला नाद आहे, पण आजचा प्रश्न जमवलेल्या व्हाइसचा नाही, घरच्याचा आहे. लेथ, फिटिंग, ओतकाम यांतली जाणकार मंडळी इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

व्हाइस पार्किन्सनचा आहे, 'परफेक्ट व्हाइस' असं बिडाच्या अंगावरच ओतीव अक्षरांत लिहिलेलं. ही इंग्लंडातली, यॉर्कशरमधल्या शिपली गावची कंपनी. गिअर कापायची सन्डरलँड प्लेनर मशिनंही त्यांचीच. जबडा साडेचार इंची. साध्या व्हाइसमध्ये स्पिंडल, म्हणजे जबडा ओढणारा आट्यांचा लांब स्क्रू, पूर्ण नटातून फिरतो, त्यामुळे जबडा चार इंच उघडायचा तर दांडी गरागरा फिरवत बसावं लागतं. यात नट अर्धाच आहे. तो स्पिंडलला खालून येऊन भिडतो. दांडीजवळचा खटका दाबला की नट खाली उतरतो आणि जबडा नुसत्या हाताने हवा तेवढा पुढेमागे सरकतो. खटका सोडला की स्प्रिंग नटाला वर ढकलते, मग अर्धाच फेरा देऊन काम घट्ट आवळायचं. स्पिंडलचे आटे करवतीच्या दात्यांसारखे, एका बाजूने उभे आणि दुसऱ्या बाजूने उतरते आहेत. आवळताना सगळा जोर उभ्या बाजूवर येतो, म्हणून नट खाली दाबला जात नाही. निदान जाऊ नये.

आता अडचण. हलकं काम धरलं तर काही होत नाही. जोर लावून आवळलं की 'टक्' असा आवाज होतो, एक आटा सुटतो आणि काम हातात येतं. रॉकेलने धुऊन पाहिलं, आत दगडासारखं झालेलं काळं ग्रीस होतं ते बरंचसं निघालं. नटाचे आटे मधल्या भागात बोथट दिसतात. स्पिंडलवर पुढच्या दीड-दोन इंचांत झीज आहे, मागचे आटे मात्र अजून धारदार आहेत.

हा व्हाइस माझ्या नानांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा. नाना प्रतापनगरच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. डभोईच्या छोट्या गाडीचा त्यांना फार अभिमान. त्या मार्गावर १८६२ साली गाड्या बैल ओढत होते आणि इंजिनं १८७३ साली आली, हे आम्हा नातवंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. घरात असं सांगतात की व्हाइस त्यांच्याही वडिलांनी आणला. पणजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ती संस्था, त्रिभुवनदास गज्जर तिचे पहिले प्राचार्य, दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. आज ती विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत सामावलेली आहे. व्हाइस पणजोबांनी नवा घेतला की कुठल्या लिलावात, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

दांडिया बाजारात नानांच्या घराच्या ओट्यावर सागाचं जाड बाक होतं आणि त्यावर हा व्हाइस. गल्लीतल्या सगळ्यांची कामं त्यात व्हायची. सायकलचं पॅडल, शिवणयंत्राचा दांडा, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या. गायनशाळेत शिकणारा शेजारचा एक मुलगा तंबोऱ्याची खुंटी घेऊन यायचा. नाना ती चामड्याच्या दोन तुकड्यांमध्ये धरून इतक्या हळू घासायचे की कानशीचा आवाज ऐकू यायचा नाही. पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत.

आणि त्यांच्या खुणा व्हाइसवर आहेत. नाना डावखुरे होते, त्यामुळे जबड्यांवर स्क्रूने बसवलेल्या दातेरी पट्ट्यांची झीज डाव्या टोकाला जास्त आहे. पुढच्या पट्टीवर गोल सळई धरायला त्यांनी कानशीने एक व्ही आकाराची खाच पाडली आहे. सरकत्या जबड्याच्या अंगावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर सेंटर पंचाचे ठिपके आहेत, म्हणजे जबडा किती उघडला ते पट्टी न लावता कळावं. माझ्या दृष्टीने हा व्हाइस म्हणजे हेच. कंपनीचं नाव दुय्यम आहे.

म्हणूनच मला तो 'नव्यासारखा' करायचा नाही. परदेशी संग्राहकांचे व्हिडिओ मी बघतो, त्यांच्या हातातलं कसब मानतो. पण सगळं खरवडून, ग्राइंडर मारून, चकचकीत रंग दिलेला व्हाइस बघितला की मला तो कुणाचाच वाटत नाही. माझ्याकडे शेफील्डचा रेकॉर्ड नंबर ३ आहे, बंद पडलेल्या कापड गिरणीच्या मेंटेनन्स खात्यातला, कंपनीच्या मूळ निळ्या रंगाचे ठिगळ अजून अंगावर असलेला. त्यावर पाळीच्या माणसांनी खडूने नव्हे, छिन्नीने आपापली आद्याक्षरं कोरली आहेत. ती मी कशी घासून टाकू? डभोई रस्त्यावरच्या एका लोहाराच्या घरून आलेला उभा लेग व्हाइस आहे, त्याचा पाय जमिनीत रोवलेला असायचा, म्हणून खालची वीतभर जागा वेगळ्याच रंगाची आहे. मांडवीजवळच्या सोनाराचा तळहाताएवढा व्हाइस आहे. तो देताना त्यांच्या सुनेने आधी हळदकुंकू लावलं, मग माझ्या हातात दिला. प्रत्येकाची हकिकत वहीत लिहून ठेवतो आणि ज्यांच्याकडून आला त्यांना ती वाचून दाखवतो.

तर प्रश्न असे:

हाफ नट नवा करावा की जुन्यावर ब्रेझिंगने, म्हणजे पितळ वितळवून, भर घालून आटे पुन्हा कापावेत? स्पिंडलही झिजलेला असताना नुसता नट बदलून भागेल का?

सरकत्या जबड्याच्या खालच्या अंगाला एक बारीक रेघ दिसते. चीर आहे की ओतकामाची रेघ, हे घरी कसं ओळखावं?

एका पट्टीचा स्क्रू अजिबात हलत नाही. पट्टी न मोडता, खाचेला धक्का न लागता तो कसा काढावा?

वरचा तांबडा रंग नानांच्या हातचा आहे, त्याखाली हिरवा दिसतो. रंग न काढता आमच्या पावसाळ्यात गंज कसा थोपवावा?

आणि कुणाला याचं साल ठरवता आलं तर फार उपकार होतील.

कानस यांचा प्रतिसाद

आयटीआयमध्ये फिटर शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून अधिकाराने सांगतो: नट करायची घाई करू नका. आधी रोग ओळखा. जबडा तीन-चार इंच उघडून, म्हणजे स्पिंडलचा धारदार भाग नटात येईल असं काम धरून आवळा. तिथेही सुटतो का? तिथे धरत असेल तर झीज मुख्यतः स्पिंडलची. सगळीकडेच सुटत असेल तर नट, स्प्रिंग किंवा आतला मळ.

दुसरं, नटाच्या आट्यांवर प्रशियन ब्लू (डाग बघायचा निळा लेप) लावा, नसेल तर काजळ. खटका सोडून हलकं आवळा, मग उघडून डाग बघा. आटे पूर्ण खोलीपर्यंत भिडायला हवेत. नुसत्या टोकांवर डाग असेल तर नट पूर्ण वर येतच नाही. बहुतेक वेळा नट जिथे वरखाली होतो त्या खोबणीत वाळलेलं ग्रीस बसलेलं असतं किंवा स्प्रिंग मेलेली असते. स्प्रिंग बदलायला फार खर्च नाही.

चिरेसाठी आमची जुनी रॉकेल-खडूची चाचणी करा. जागा साफ करून रॉकेल लावा, थोडं मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आतलं रॉकेल पाझरून पुडीवर ओली रेघ उमटते. ओतकामाची रेघ असेल तर पूड कोरडी राहते. चीर निघाली तर दुरुस्ती होईपर्यंत त्यात काही आवळू नका. आणि दांडीला पाइप घालून जोर लावण्याची सवय घरात कुणाला असेल तर आजच मोडा. बीड वाकत नाही, तुटतं.

स्क्रूबद्दल: पट्टी तापवू नका, ती कडक केलेली असते, पाणी उतरेल, म्हणजे कडकपणा जाईल. अ‍ॅसिटोन आणि गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं करून थेंब थेंब सोडत राहा, ठिणगीपासून लांब. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे वरून ठोकलं की फिरणारा पेचकस, पण हातोडा हलका. स्क्रू बहुधा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश, आट्याचे असतील. त्यांचा कोन ५५ अंश, बाजारात मिळणाऱ्या यूएनसीचा, म्हणजे अमेरिकन आट्याचा, ६०. तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) स्क्रूला दोन्हींत इंचाला १६ आटे असतात, त्यामुळे यूएनसी थोडाफार जातो आणि माणूस फसतो. चार सुतीला व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३, तिथे जबरदस्ती केली की भोक गेलं. आटे गेजने मोजल्याशिवाय नवा स्क्रू घालू नका.

ओतशाळा यांचा प्रतिसाद

कोल्हापूरहून. आमचं घराणं ओतकामातलं. ब्रेझिंगने भर घालून आटे कापणं जमतं, पण झिजलेल्या जुन्या नटावर इतकी उष्णता देण्यापेक्षा मी गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) नवा करीन. पूर्ण गोल नट लेथवर आतून कापायचा आणि मग उभा चिरायचा, दोन हाफ नट मिळतात. एक बसवा, एक पुढच्या पिढीसाठी तेलात गुंडाळून ठेवा. गनमेटल नरम असल्याने पुढची झीज नटाची होईल, स्पिंडल वाचेल. जुना नट मात्र टाकू नका, व्हाइसलाच तारेने बांधून ठेवा.

गंज असलेले सुटे भाग असतील तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जरने इलेक्ट्रोलिसिस करा. गंज सुटतो, खालचं लोखंड खात नाही, पंचाचे ठिपके जसेच्या तसे राहतात. पण रंगही सुटतो, म्हणून रंग राखायचा तो भाग त्यात बुडवू नका. दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, तेव्हा उघड्यावर करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका. वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. ती फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

सालाचं म्हणाल तर अवघड. शिकागोची विल्टन कंपनी १९४१ची, तिच्या जुन्या व्हाइसवर पाच वर्षांच्या गॅरंटीची मुदत ठोकलेली सापडते, त्यातून पाच वजा केले की झालं. पार्किन्सनवर तसं काही मी पाहिलेलं नाही. जुन्या हत्यार व्यापाऱ्यांच्या कॅटलॉगातली चित्रं आणि तुमच्या व्हाइसवरची अक्षरांची ठेवण ताडून बघा.

धागाकर्ता

कानस काका, ओतशाळा दादा, मनापासून आभार. सांगितलंत तसं सगळं केलं.

रेघ ओतकामाचीच आहे, पूड कोरडी राहिली. ते बघून आईला सगळ्यांत जास्त आनंद झाला. काजळाचे डाग फक्त आट्यांच्या टोकांवर होते. नट उतरवला तर खोबणीच्या मागच्या कोपऱ्यात ग्रीसचा थर तसाच होता, मला आधी तो बिडाचाच भाग वाटला होता. तो काढून नवी स्प्रिंग घातली. आता तीन इंचांवर व्हाइस असा धरतो की दांडी सोडवायला जोर लागतो. दीड इंचाच्या आत मात्र अजून सुटतो, म्हणजे काकांनी म्हटलं तशी स्पिंडलची झीज आहेच.

स्पिंडल नानांच्या हाताने झिजलेला आहे, तो बदलणार नाही. बारीक काम धरायचं असेल तेव्हा मध्ये लाकडाचा ठोकळा घालीन, म्हणजे धारदार आटे वापरले जातील. नट गनमेटलचा करून घ्यायचा आहे. दादा, कोल्हापूरला नुसता जुना नट पाठवला तर चालेल, की स्पिंडलही हवा? स्पिंडल प्रवासात द्यायला जीव होत नाही. त्याऐवजी धारदार भागाचा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ठसा घेऊन, आट्यांचं अंतर आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून पाठवू का? आणखी कुठली मापं लागतील ती सांगा. स्क्रूला तेल सोडणं चालू आहे, अजून हललेला नाही.