मदत हवी आहे: सत्तेचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायला सुरुवात करावी का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, राहायला सिडकोत. आवाज देवानेच दिलाय, त्यात माझी कमाई शून्य. भजनी मंडळात काळी एक पट्टीत अभंग म्हणतो, लोक माना डोलावतात. पण परवा पेटीवाल्या काकांनी सुनावलं, "देवाने दिलं ते तू नुसतं खर्च करतोयस, भर काय घातलीस?" दोन रात्री झोप नाही.

पंचवटीतून जाताना गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण होते. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, तरी 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीताची शाळा काढली आणि पुढे आपल्या नाशकात येऊन राहिले. आणि मी धडधाकट असून सबबी सांगतोय!

विचारायचं ते असं. गांधर्वच्या परीक्षा द्यायच्या तर प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासूनच बसावं, की चार राग येत असतील तर थेट पुढच्या परीक्षेला बसता येतं? आणि मुळात परीक्षा द्याव्यात, की एखाद्या गुरुजींकडे नुसतं शिकावं? मागे एका क्लासमध्ये गेलो होतो, तिथे आठ वर्षांच्या मुलांत बसवलं. लाज नाही वाटली, पण सरगमच्या पुढे गाडी सरकेना.

सिडको, इंदिरानगर भागात मोठ्यांना शिकवणारं कुणी माहीत आहे का? आठवड्याला शिफ्ट बदलते, तेवढं सांभाळून घेणारं हवं. फ्लॅटमध्ये पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, कसा करता तेही सांगा, वरच्या मजल्यावरच्या काकू आत्ताच घसा खाकरतात.