मदत हवी आहे: साहेबांच्या केबिनबाहेर बसते, नात्यातल्या माणसाला 'नाही' कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

मी धरणगावची. बीकॉम झाल्यावर गेल्या ऑगस्टपासून जळगाव एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून आहे. कंपनीचं नाव देत नाही, कृपया विचारू नका. करार एक वर्षाचा आहे. काम एक्झिक्युटिव्ह असिस्टंटचं, म्हणजे मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर जे टेबल असतं तिथलं. त्या टेबलावर एकवीस वर्षं बसणारे नाना पुढच्या वर्षी रिटायर होतील. मी त्यांच्या हाताखाली शिकते.

काम आवडतं, हे आधी सांगते. सकाळच्या गाडीनं जळगाव स्टेशन, तिथून शेअर रिक्षानं अजिंठा चौफुलीच्या पुढे, आणि साडेनऊला नानांची लाल डायरी उघडायची. नाना पक्की भेट पेनानं लिहितात आणि कच्ची पेन्सिलनं. संगणकावर कॅलेंडर आहेच, पण साहेब केबिनमधून बाहेर येताना आधी डायरीकडेच बघतात. आलेल्या प्रत्येक फोनच्या तीन गोष्टी नाना लिहून घेतात: कोण, कशासाठी, कधीपर्यंत उत्तर हवं. 'पुन्हा फोन करतील' एवढंच लिहिलेलं त्यांना चालत नाही. सुरुवातीला मी तसंच लिहायची. मग नाना तो कागद काही न बोलता माझ्याकडे परत सरकवायचे.

चुकाही झाल्या. जर्मनीच्या मशीनवाल्यांशी दर सोमवारी दुपारी दोनला कॉल असतो. तिकडचे साडेनऊ, असं मी पाठच केलं होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात हे मला माहीत नव्हतं. हिवाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. दुसऱ्या दिवशी ते लोक आपल्या एक वाजता कॉलवर येऊन बसले आणि साहेब प्लांटमध्ये होते. साहेब मला काही बोलले नाहीत, नानांना बोलले. ते मला जास्त लागलं.

पण त्यावर उपाय आहे, तो मी शिकेन. माझी खरी अडचण वेगळी आहे.

आपल्या खान्देशात कोण कोणाचं कोण लागतं हे दोन वाक्यांत निघतं. मी कुठे बसते हे गावात कळल्यापासून फोन सुरू झालेत. कोणाला मुलाला चिकटवायचंय, कोणाला गणेश मंडळाची वर्गणी हवी आहे. त्यांना मी कसंबसं सांगते. पण माझ्या आईचे चुलतभाऊ, आमचे मामा, यांच्या दोन गाड्या आमच्या कंपनीच्या मालवाहतुकीला लागतात. त्यांचं बिल तीन महिन्यांपासून अडकलंय. ते आठवड्यातून दोनदा फोन करतात, तोही ऑफिसच्या वेळेत. "माय, तू ते आपली आंडेर शे. तुले सांगाले काय जास?" (आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत मुलगी, लेक.) त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. फाइल साहेबांच्या टेबलावर आली का, नव्या वर्षाच्या वाहतुकीसाठी दुसऱ्यांनी काय भाव दिलेत, आणि साहेब एकटे कधी असतात.

या तिन्हींची उत्तरं मला माहीत असतात. भाव लिहिलेली पाकिटं मीच इनवर्डला, म्हणजे आलेल्या टपालाच्या रजिस्टरला, चढवते.

एकदा मी सांगून टाकलं की साहेब बाहेरगावी आहेत. मामा तेव्हा गेटवरच उभे होते आणि साहेबांची गाडी त्यांच्यासमोर सावलीत लावलेली होती. ते मला काहीच बोलले नाहीत. रात्री आईला फोन आला. आई म्हणाली, "तुझ्या अकरावीची फी कोणी भरली होती, विसरलीस?" विसरले नाही. बाबांचं ऑपरेशन होतं त्या वर्षी, मामाच आले होते पैसे घेऊन. म्हणून तर इथे लिहितेय.

तुमच्यापैकी जे सेक्रेटरी, पीए किंवा असं काम केलेले आहेत, त्यांनी कृपया सांगा:

मामांना असं काय बोलू की आतलं काही बाहेर जाणार नाही आणि माणूसही तुटणार नाही? खोटं बोलायचं नाही, हे आता ठरवलंय.

आणि नात्यातला माणूस कंपनीचा ट्रान्सपोर्टर आहे, हे मी स्वतःहून नानांना सांगू का? भीती अशी की सांगितलं तर मला या टेबलावरून उठवतील. अप्रेंटिसला करार संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कायद्यानं कंपनीवर नाही. नानांच्या जागेची मला आशा आहे, ती का लपवू?

भर, आठ दिवसांनी:

इतक्या जणांनी मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. तुमच्यापैकी बहुतेकांनी एकच सांगितलं, की आधी नानांना सांग, दुसऱ्या कोणाकडून त्यांना कळायच्या आत. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. नानांनी डबा बंद केला, विचारलं, "काही सांगितलंस का त्यांना आजपर्यंत?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग रडतेस कशाला?" त्या दिवसापासून वाहतुकीच्या भावांची पाकिटं नाना स्वतः चढवतात. इनवर्डच्या रजिस्टरमध्ये त्यांनी तशी नोंद केली आणि तिच्याखाली माझी सही घेतली. टेबलावरून मला उठवलेलं नाही.

जर्मनीच्या कॉलचंही जमलं. इथल्या एका दादांनी सुचवल्याप्रमाणे निमंत्रण बनवताना बर्लिनचा टाइम झोन निवडला. आता तिकडची घड्याळं बदलली की आपल्या कॅलेंडरमधली वेळ आपोआप सरकेल. नानांनी डायरीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारावर पेन्सिलनं खूणही करून ठेवली आहे.

मामांना मी रविवारी घरी जाऊन भेटले, फोनवर बोलले नाही. म्हटलं, "मामा, तुमचा निरोप मी त्याच दिवशी लिहून आत पाठवते, रोज पाठवीन. पण टेबलावर काय आहे ते मी बाबांनाही सांगत नाही." मामींनी चहा दिला. मामा बराच वेळ गाडीच्या टायरचे भाव किती वाढलेत तेच सांगत राहिले. रागावले नाहीत, पण 'आंडेर' म्हणाले नाहीत.

आता नवा प्रश्न, त्यासाठी धागा पुन्हा वर आणतेय. एका ताईंनी लिहिलंय की मामांची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत उलटूनही मार्चअखेर न दिलेलं असं बिल कंपनीला करासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, म्हणून अकाउंट्सवाले मार्च संपायच्या आत अशी बिलं काढायला बघतात. मामांनी दोन वर्षांपूर्वी उद्यम नोंदणी केलीय, मीच मोबाइलवर भरून दिली होती. बिलावर तो नंबर टाकलाय की नाही, ते त्यांना आठवत नाही.

ही माहिती जाहीर आहे, कोणालाही मिळते. पण मी कंपनीत बसून मामांना कंपनीविरुद्ध तक्रारीची वाट दाखवली, असं होईल का? की नुसतं "बिलावर उद्यम नंबर टाकून अकाउंट्सला पुन्हा पाठवा" एवढं सांगणं बरोबर? की तेही आधी नानांना विचारू? वाहतुकीचा करार आणि उद्यम यांचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा. पुढच्या शुक्रवारी मामांकडे साखरपुडा आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.