मदत हवी आहे: चालू डेटा सेंटरात यूपीएस बदलायचेत, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर कसा पारखायचा?

नमस्कार मंडळी, महापे एमआयडीसीत आमच्या कंपनीचं छोटं डेटा सेंटर आहे. मी खरा नेटवर्कवाला, पण इलेक्ट्रिकल बघणारे साहेब रिटायर झाले आणि तेही माझ्याच गळ्यात पडलं. दोन्ही यूपीएस बदलायचेत, एलटी (लो टेन्शन) पॅनलमधले काही ब्रेकर पण, आणि हे सगळं सर्व्हर चालू ठेवून. ए आणि बी असे दोन फीड, म्हणजे वीज येण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत त्यामुळे एकेक बाजू बंद करून होईल, निदान कागदावर तरी.

कोटेशनं आलीत, भावात जमीन-अस्मानाचा फरक. सगळ्यात स्वस्तवाल्याला विचारलं बी बाजू पाडायच्या आधी काय तपासणार, तर म्हणे "साहेब टेन्शन नका घेऊ, रात्री मेन पाडतो, सकाळपर्यंत उरकून देतो". अरे मेनच पाडायचा असता तर दोन फीड कशाला घेतले असते! सगळं लोड एकट्या ए बाजूला पेलेल का, एकच पॉवर सप्लाय असलेले, म्हणजे एकाच फीडवर चालणारे सर्व्हर किती, यातलं एक अक्षर विचारलं नाही पठ्ठ्याने. दुसऱ्याने लायसनची झेरॉक्स दिली ती मुदत संपलेली. तिसरा महाग आहे, पण आल्याआल्या क्लॅम्प मीटर लावून एकेका फेजचा करंट लिहून घेतला आणि बायपासचा (यूपीएस वगळून थेट वीज देणारी वाट) न्यूट्रल कुठून येतो ते विचारलं. मला हाच पटतोय पण पर्चेसवाले एल-वन (सगळ्यात कमी भाववाला) एल-वन करत बसलेत.

कॉन्ट्रॅक्टरचं लायसन, सुपरवायझरचं सर्टिफिकेट, वायरमनचं परमिट हे बघतोच. पण सर्टिफिकेटवाला सुपरवायझर कामाच्या रात्री खरंच साइटवर असेल हे कसं बांधून घ्यायचं? आणि चालू साइटवर काम केल्याचा अनुभव खरा की थापा, ते कसं ओळखायचं?

उत्तर:
सुपरवायझरचं नाव वर्क ऑर्डरमध्येच टाका, तो नसेल तर काम सुरू करायचं नाही असं स्पष्ट लिहा. एल-वनचं म्हणाल तर आधी टेक्निकल राउंड ठेवा, त्यात पास होईल त्याचंच भावाचं पाकीट उघडा. सगळ्यांकडून मेथड स्टेटमेंट मागा, कुठला ब्रेकर आधी, बंद केलेल्या ब्रेकरला टाळं कोण लावणार, गडबड झाली तर कुठल्या पायरीवरून मागे फिरायचं. ज्याने असं काम केलेलंच नाही तो इथेच अडकतो. न्यूट्रलचं विचारणारा माणूस सोडू नका हो, न्यूट्रल सुटला तर 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं आणि पॉवर सप्लाय धडाधड उडतात. नवा यूपीएस आधी लोड बँकवर (चाचणीसाठी नकली लोड देणारं यंत्र) चालवून बघा, मगच सर्व्हर टाका. शेवटचं बिल थर्मोग्राफीचा (कॅमेऱ्याने कुठले जोड तापतात ते बघणं) रिपोर्ट हातात आल्यावरच सोडा, तोही पूर्ण लोडवर काढलेला.