लाडकी बहीण की सोयाबीनचा भाव? घरातच दोन पार्ट्या झाल्यात

लातूरचा_पोरगा: 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान आणि आमच्या घरात आत्ताच ठिणग्या उडायला लागल्यात. आईच्या खात्यात सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 चे पाच हप्ते, 7500 आले, ती म्हणते कुणाला न विचारता पैसे काढायची पहिलीच वेळ, माझं मत ठरलं. आण्णा म्हणतात, क्विंटलला सरकारी हमीभाव 4892 आणि आपलं सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, गेलं 4100 नी, 20 क्विंटलला 15840 बुडाले, मग दिलं कुणी आणि नेलं कुणी? रोज जेवताना हेच. नक्की कोण काय देणार म्हणतंय, नीट सांगा कुणीतरी.

फुकटचा_सल्ला: लिलाव चाललाय रे. सत्तेतली महायुती बहिणीला महिना 2100 म्हणाली की विरोधातली आघाडी 3000, सोयाबीनला हे 6000 तर ते 7000, कर्जमाफी दोघांचीही. 1500 नीच वर्षाला 46 हजार कोटी लागतायत. तिजोरी बुडणार म्हणून ओरडणारेच आता दुप्पट देतो म्हणतायत, आणि लोकसभेला 48 पैकी 17 जागांवर आले नसते तर महायुतीवाल्यांना तरी बहीण आठवली असती का?

औशाची_लेक: आण्णांना एक विचार. ते 15840 आले असते तर कुणाच्या खिशात गेले असते? आडत्याची पट्टी, माल विकल्याची पावती, कुणाच्या नावाने होते? खुरपायला, काढायला आई आणि पट्टीवर आण्णा. रागावू नकोस, आमच्याकडंपण हेच आहे.

कोरडवाहू: ताई बरोबर आहे तुमचं, पण हमीभाव जाहीर असून मिळत का नाही तेही बघा की. नाफेडच्या हमीभाव खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत, त्यात बारदाना (पोती) नाही, नंबर लागेना, इकडं दिवाळी आणि खतवाल्याची उधारी, माणूस मोंढ्यातच जाणार ना. आता मतदान तोंडावर आल्यावर ओलाव्याची मर्यादा 15 टक्के केली, तोवर आमचा माल विकून झाला. 6000 म्हणा नाहीतर 7000, काट्यावर घेणार कोण ते विचारा प्रचाराला येतील त्यांना.

लातूरचा_पोरगा: ताईंचा रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवला 😅 आण्णा जरा वेळ गप्प, मग म्हणाले पुढच्या साली पट्टी तुझ्या नावाने करतो, मत तेवढं मी सांगतो तिकडं दे. आई म्हणाली आधी पट्टी करा.