प्रवासाचा वेळ वाया जातो की तोच आपला असतो?

खिडकीपाशी
रोज सकाळी पन्नास मिनिटं ट्रेनमध्ये जातात, संध्याकाळी तेवढीच. घरून काम करायची मुभा असताना एवढी दगदग कशाला, असं सगळेच विचारतात. दोन वर्षं केलं की घरून काम! शेवटची मीटिंग संपली की लॅपटॉप मिटायचा आणि थेट जेवायला बसायचं. ऑफिस डोक्यातून निघायचंच नाही, मुलीच्या साध्या प्रश्नालाही मी खेकसून उत्तर द्यायचो. आता पहिली तीन-चार स्टेशनं मनातल्या मनात बॉसशी भांडण चालतं. मग नदीवरचा पूल येतो, चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो, आणि पूल ओलांडेपर्यंत मी घरचा झालेलो असतो.
हे माझ्या एकट्याचं नाही. २००१ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या सुमारे १३०० नोकरदारांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑफिसला जायला आदर्श वेळ किती, असं त्यांना विचारलं होतं. 'शून्य' म्हणणारे अगदी थोडे निघाले. लोकांना घर आणि काम यांच्यामध्ये थोडं अंतर हवंच असतं. माझ्या मते प्रवासाचा वेळ वाया जात नाही. तुम्हाला काय वाटतं?

उभ्यानं
पूर्ण असहमत. त्याच अभ्यासात आदर्श वेळेची सरासरी सोळा मिनिटांच्या आसपास आली होती, तेही सांगा ना. माझा प्रवास एका बाजूचा दीड तास आहे, एक बस आणि दोन ट्रेन. बॅग पोटाशी धरलेली, दुसरा हात वरच्या कडीला, पुढच्या माणसाचे ओले केस माझ्या गालाला लागतायत. पुस्तक सोडा, खिशातून फोन काढायलाही कोपर हलत नाही. चाकांचा आवाज ऐकायला मन थाऱ्यावर लागतं, माझं सगळं लक्ष पुढच्या स्टेशनाला दाराकडे कशी सरकू याकडे असतं.
मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाची प्रसंगवार नोंद लिहून घेतली होती. कोणत्या वेळी किती बरं वाटलं, या यादीत सकाळचा प्रवास तळाला होता, नोकरीच्या कामाच्याही खाली. मला त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही.

चारचाकी
म्हणूनच मी गाडीनं जातो. वेळ तेवढाच लागतो, पण बसायला जागा आहे, दार माझं आहे, आईशी फोनवर निवांत बोलता येतं (स्पीकरवर). रस्ते रुंद केले की बराचसा प्रश्न सुटेल.

सिग्नलपाशी
नाही सुटत. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग बघा. २००८ पर्यंत तो इतका रुंद केला की सेवा रस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका झाल्या. काही वर्षांतच गर्दीच्या वेळी लागणारा वेळ पुन्हा वाढला. रस्ता मोकळा दिसला की लोक लांब राहायला जातात, बस सोडून गाडी काढतात, आणि मोकळी झालेली जागा भरून जाते.
आणि कोंडीला अरुंद रस्ताच लागतो असंही नाही. २००८ मध्ये जपानी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकाच वेगानं चालवायला सांगितल्या होत्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, वळणारं कोणी नाही. तरी थोड्याच वेळात एकानं किंचित ब्रेक लावला, मागच्यानं जरा जास्त, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त, असं होत होत मागे गाड्या ठप्प उभ्या राहिल्या. आपण ज्या कोंडीत अर्धा तास अडकतो आणि पुढे जाऊन बघतो तर काहीच कारण दिसत नाही, ती हीच.
उपाय आहे, तो स्टॉकहोमनं करून दाखवला. जानेवारी २००६ मध्ये शहरात शिरताना-निघताना शुल्क लावलं आणि त्या हद्दीवरची वाहनं साधारण पाचव्या हिश्शानं घटली. आधी बहुतेक लोक विरोधात होते, अनुभव घेतल्यावर शहरानं सार्वमतात बाजूनं कौल दिला.

उभ्यानं
मान्य, पण पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. शहराच्या मध्यात घर परवडत नाही म्हणून जो लांब फेकला गेला, त्याला रात्रपाळीहून परतताना बस मिळत नसेल, तर त्यानं ते शुल्क का भरायचं? आधी बस वाढवा, मग पैसे मागा.

सिग्नलपाशी
तिथेही शुल्क सुरू व्हायच्या काही महिने आधी जादा बस सोडल्या होत्या. हा क्रम महत्त्वाचा आहे, यात तुमच्याशी सहमत.

पायपीट
मला वेळेपेक्षा 'कधी येणार' हे न कळण्याचा त्रास जास्त होतो. फलकावर 'नऊ मिनिटं' दिसलं की मी शांत उभी राहते. काहीच दिसलं नाही तर चौथ्या मिनिटाला जीव कासावीस होतो. फोनवरच्या नकाशानं प्रवासाची मजा घालवली, असं म्हणणाऱ्यांनी रात्री अकरा वाजता अनोळखी स्टॉपवर एकटीनं उभं राहून बघावं. बस दोन स्टॉप मागे आहे हे दिसणं, हा माझ्यासाठी आधुनिक प्रवासातला सगळ्यात मोठा दिलासा आहे.

उभ्यानं
खिडकीपाशी, एक सरळ विचारते. तुम्ही कोणत्या स्टेशनाला चढता?

खिडकीपाशी
पहिल्या. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे जागा मिळते, बहुतेक वेळा खिडकीचीच. संध्याकाळीही ऑफिसजवळूनच गाडी सुटते. धागा लिहिताना हे मनातसुद्धा आलं नाही, आणि ते यायला हवं होतं. पूल मला तितकाच प्रिय आहे. पण तुमच्या स्टेशनावरून चढत असतो, तर हा धागा मी लिहिलाच नसता.