मदत हवी आहे: इंजिन ऑईल पहिल्यांदाच स्वतः बदलणार आहे, अवजारे कोणती घ्यावीत?

उत्साही_चालक:
नमस्कार. गाडीचे इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर येत्या रविवारी स्वतः बदलायचे ठरवले आहे. ऑईल आणि नवा फिल्टर आणून ठेवला आहे. अडले आहे ते अवजारांपाशी. दोनशेहून अधिक नगांचा एक सॉकेट संच पाहून ठेवला असून त्यात रॅचेट, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर असे सगळेच आहे. तो संच आणि फिल्टर काढण्याचा पट्ट्याचा पाना एवढ्यावर काम भागेल का, इतकेच विचारायचे आहे. ऑर्डर आजच नोंदवायची आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे. ‘गॅरेजमध्ये द्या’ हा सल्ला मात्र नको.

नटबोल्ट:
गाडी कोणती, तिच्या ड्रेन बोल्टचे (इंजिनखालच्या तेलपात्रातून जुने तेल सोडायच्या बोल्टचे) माप काय, फिल्टर बाहेरून पिळून बसवायचा डबा आहे की प्लास्टिकच्या घरात घालायची कागदी कांडी, आणि गाडी उचलणार कशाने, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. बहुतेक गाड्यांना १३ ते १९ मिमीच्या दरम्यानचा षट्कोनी बोल्ट असतो. पण काही गाड्यांत बोल्टच्या डोक्यात ८ मिमीचे चौकोनी छिद्र असते, तर काहींत टॉर्क्स नावाची ताऱ्याच्या आकाराची खाच असते. दोनशे नगांच्या पेटीत नेमके तेच एक तोंड नसते, आणि उरलेले बहुतांश नग तुम्ही आयुष्यात हातात घेणार नाही.

उत्साही_चालक:
गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. बोल्ट तो बोल्टच, त्यासाठी मॉडेल कशाला हवे ते कळले नाही. उचलायला जॅक आहेच.

सावध:
तो जॅक डिकीत स्टेपनीबरोबर आलेला असेल तर कृपया इथेच थांबा. तो कात्रीसारखा उघडणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याचा पाया अरुंद असतो आणि बाजूने थोडा धक्का बसला तरी तो कलंडू शकतो. अडकलेल्या बोल्टवर तुम्ही खाली झोपून जोर लावणार, म्हणजे नेमका तोच धक्का देणार. हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणला तरी तो फक्त उचलण्यासाठी असतो, भार पेलून धरण्यासाठी नाही. त्याचे एक सील गळले की गाडी खाली बसते. गाडीखाली जायचे असेल तर भार जॅक स्टँडच्या (गाडी टेकवून ठेवायच्या पक्क्या तिवयांच्या) जोडीवर हवा, स्टँड गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लागायला हवेत, जमीन सपाट आणि टणक हवी, आणि मागच्या चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावलेली हवी. मऊ मातीवर स्टँडचे पाय रुततात, फरशीचे सुटे तुकडे आणि विटा भाराखाली फुटतात. खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती सॉकेटच्या पेटीवर लावा.

नटबोल्ट:
पूर्ण सहमत. त्यात एक भर घालतो: केवळ ऑईल बदलण्यासाठी रॅम्पची (पुढची चाके चढवायच्या उतरंडींची) जोडी स्टँडपेक्षा अधिक सोयीची पडते, कारण चाके काढायची नसतात आणि गाडी स्वतःच्या चाकांवरच उभी राहते. ड्रेन बोल्ट तेलपात्राच्या मागच्या अंगाला असेल तर वर उचललेले नाक फायद्याचेच ठरते. फक्त पुढचा बंपर खाली असलेल्या गाडीला कमी चढाचा रॅम्प लागतो, नाहीतर चाक चढण्याआधी बंपरच घासतो.

सावध:
रॅम्पवर चढताना शेवटच्या टोकाचा अंदाज चुकून गाडी पलीकडे उतरू शकते, हे सांगायचे राहिले. बाहेर उभे राहून खुणा करणारा माणूस लागतो, आणि तोही गाडीच्या समोर नव्हे, बाजूला उभा असायला हवा.

कोरडे_हात:
एवढी उस्तवार कशासाठी? ऑईल शोषून घेणारा हातपंप घ्या, त्याची नळी डिपस्टिकच्या नळीतून तेलपात्राच्या तळापर्यंत सोडा, आणि उभ्या उभ्या तेल ओढून काढा. जॅक नको, स्टँड नको, आटे जाण्याची भीती नको. मी माझ्या गाडीचे ऑईल असेच काढतो आणि कपड्यांना डागही पडत नाही.

नटबोल्ट:
तुमच्या गाडीचा फिल्टर इंजिनच्या वरच्या बाजूला असणार, म्हणून हे जमते. फिल्टर खाली असेल तर त्यासाठी गाडीखाली जावेच लागते, मग पंपाने वाचले काय? शिवाय काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, आणि काहींत नळी तळाच्या सर्वांत खोल भागापर्यंत पोहोचत नसल्यामुळे जुने तेल मागे राहते.

कोरडे_हात:
बोल्ट काढूनही थोडे तेल राहतेच. शिवाय पंपाने काढलेले तेल मापाच्या टाकीत जमा होते, त्यामुळे किती निघाले हे नेमके कळते. फिल्टर वर असेल तर पंप, खाली असेल तर स्टँड, असे म्हणा. पंपाला सरसकट नावे ठेवू नका.

शुद्ध_तेल:
माझ्या मते अवजारांपेक्षा ऑईल महत्त्वाचे आहे. पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-३० ग्रेडचे (म्हणजे तेवढ्या दाटपणाचे) ऑईल वापरा, इंजिन किती मऊ चालते ते पाहा.

सावध:
त्यांनी ऑईल आणून ठेवले आहे आणि प्रश्न अवजारांचा आहे. शिवाय गाडी पाहिल्यावाचून ग्रेड सुचवू नये. कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितले असेल तर पुस्तिकेतलीच ग्रेड आणि तेच मानांकन वापरावे.

उत्साही_चालक:
पुस्तिका उघडली आणि खाली वाकून पाहिले. इंजिनखाली प्लास्टिकचे आवरण असून ते १० मिमीच्या बोल्टनी आणि गोल चापांनी बसवलेले आहे. ड्रेन बोल्ट षट्कोनी, १४ मिमीचा आहे. घट्ट करण्याचे माप ३० न्यूटन मीटर दिले आहे. फिल्टर पिळून बसवायच्या डब्याच्या प्रकारचा आहे, पण इंजिनच्या मागच्या बाजूला आहे आणि तिथे हाताला जेमतेम जागा मिळते. फिल्टरसह ३.५ लिटर ऑईल लागते. डिकीतला तो जॅक वापरणार नाही. आता अवजारे सांगा.

जुना_कारागीर:
हीच माहिती पहिल्यांदा दिली असती तर धागा निम्म्यावर संपला असता. आता क्रमाने ऐका. १४ मिमीचे सॉकेट सहा कोनांचेच घ्या, बारा कोनांचे नको. बारा कोनांचे सॉकेट बोल्टला कोपऱ्यांजवळच पकडते. बोल्ट आधीच कोणी जास्त आवळलेला असेल तर ते निसटते आणि कोपरे गोल होतात. सहा कोनांचे सॉकेट सपाट बाजूंवर बसते. अडकलेला बोल्ट सोडवायला रॅचेटऐवजी लांब दांड्याचा सरळ हँडल घ्या, कारण रॅचेटच्या आतले दाते अशा झटक्यासाठी नसतात. खाली झोपून वर पाहताना सैल करण्याची दिशा हमखास गोंधळात टाकते, म्हणून बोल्टच्या डोक्याकडे तोंड आहे असे समजून डावीकडे फिरवा.

बोल्ट हाताने सुटू लागला की तो वर दाबून धरतच फिरवत राहा आणि शेवटचा आटा सुटताच हात बाजूला घ्या. पहिली धार सरळ खाली पडत नाही, ती तिरपी लांब जाते आणि तेल कमी होत गेले की बोल्टच्या दिशेने मागे सरकते. तेल गोळा करायचे भांडे आठ लिटरच्या आसपासचे, उथळ आणि रुंद तोंडाचे हवे. साडेतीन लिटरला पाच लिटरचे भांडे पुरते खरे, पण ते सरकवताना हिंदकळते. इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करा, कडक तापलेले नको. नायट्राईलचे हातमोजे घाला, कारण जुने ऑईल वारंवार कातडीला लागणे घातक असते.

कोरडे_हात:
ते ३० न्यूटन मीटर मोजायला टॉर्क पाना (ठरवलेल्या मापाला आवळून होताच कळवणारा पाना) घेण्याचा खर्च तरी वगळा. ड्रेन बोल्ट किती आवळायचा हे हाताला कळते.

जुना_कारागीर:
ज्याने शेकडो बोल्ट आवळले आहेत त्याच्या हाताला कळते. पहिल्यांदा करणारा माणूस गळतीच्या भीतीने आणखी एक पीळ देतोच. तेलपात्र ॲल्युमिनियमचे असेल तर त्यातले आटे बोल्टच्या आट्यांपेक्षा मऊ असतात आणि जातात ते पात्राचे आटे, बोल्टचे नाहीत. मग नवा बोल्ट आणून उपयोग होत नाही. इम्पॅक्ट गनने तर बोल्ट कधीही आवळू नये.

उत्साही_चालक:
पटले. यादी अशी केली आहे: जॅक स्टँडची जोडी, ट्रॉली जॅक, १० आणि १४ मिमीची सहा कोनांची सॉकेट, लांब हँडल, अर्ध्या इंची चौकाचा (सॉकेट बसायच्या चौकोनी टोकाचा) ४० ते २०० न्यूटन मीटरचा टॉर्क पाना, पट्ट्याचा फिल्टर पाना, भांडे, नरसाळे, हातमोजे. मोठी पेटी रद्द केली. एवढे पुरेल ना?

जुना_कारागीर:
टॉर्क पाना चुकीचा निवडला आहे. तुमचे माप ३० आहे आणि हा पाना ४० वरून सुरू होतो. तीन-अष्टमांश इंची चौकाचा, साधारण २० ते १०० पल्ल्याचा घ्या, आणि सॉकेटही त्याच चौकाची मागवा. क्लिक देणारा पाना पल्ल्याच्या अगदी तळाशी तितका अचूक नसतो, म्हणून हवे ते माप पल्ल्याच्या थोडे आत असलेले बरे. काम झाल्यावर तो सर्वांत कमी मापावर आणून ठेवावा आणि त्याने बोल्ट सैल करू नये. यादीत ड्रेन बोल्टचे नवे वॉशर नाही, तेही घाला. ते एकदा दाबले गेले की पुन्हा तितके घट्ट बसेलच असे नाही.

नटबोल्ट:
पट्ट्याचा पानाही बदला. जागा जेमतेम असल्यास त्याचा दांडा फिरवायला वाव राहत नाही आणि तेलकट डब्यावर पट्टा घसरतो. फिल्टरच्या टोकावर टोपीसारखा बसणारा कप घ्या, रॅचेट त्याच्या मागून लागतो. नवा फिल्टर घरात आहेच, त्याच्या टोकाचा व्यास मोजा आणि कडेच्या पैलूंची संख्या मोजा, म्हणजे कपाचे माप मिळेल.

जुना_कारागीर:
तो कप नव्या फिल्टरला बसेल; पण गाडीवर सध्या असलेला फिल्टर दुसऱ्या कंपनीचा असला तर त्याचे पैलू वेगळे असू शकतात. पहिल्या खेपेला तीन पायांचा, पीळ देताच आवळत जाणारा पाना घ्या, तो दोन्हीला चालतो. बसवताना पान्याची गरज नाही: जुने रबरी कडे इंजिनला चिकटून राहिलेले नाही ना ते आधी पाहा, नव्या कड्याला तेलाचा हात लावा, ते टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवा आणि मग फिल्टरवर छापला असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, हातानेच द्या.

उत्साही_चालक:
गाडीवरचा फिल्टर खरोखरच दुसऱ्या कंपनीचा आहे. तीन पायांचा पाना, लहान चौकाचा टॉर्क पाना, सॉकेट आणि वॉशर असा बदल करून ऑर्डर नोंदवली. टॉर्क पाना सोमवारी पोहोचणार आहे, त्यामुळे काम पुढच्या रविवारवर गेले.