तळेगाव–हिंजवडी रोजच्या येण्याजाण्यासाठी जुनी फॉर्च्युनर की एंडेव्हर? की दोन्ही नकोत?

मावळचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. तळेगाव दाभाडे ते हिंजवडी, आठवड्याचे पाच दिवस, जाऊन-येऊन साधारण ५० किमी. देहूरोडपर्यंत रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो, रावेतपासून भूमकर चौकापर्यंत मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. महिन्यातून दोनदा घरचे सहा जण घेऊन साताऱ्याला जाणं असतं. सगळं मिळून वर्षाला १८ हजार किमी होतील. घरात २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ती विकायचा विचार आहे.

तीन गाड्या नजरेत आहेत:

१) फॉर्च्युनर २.८, ४×२ ऑटोमॅटिक, २०१८, ९६ हजार किमी, एमएच १४, दुसरा मालक. सांगतोय २२ लाख.
२) फोर्ड एंडेव्हर ३.२, ४×४ ऑटोमॅटिक, २०१८, ८८ हजार किमी, दिल्ली पासिंग, एनओसी देणार. १५ लाख.
३) एंडेव्हर २.०, १०-स्पीड ऑटोमॅटिक, २०२१, बीएस६ (धुराचे नवे नियम), ५४ हजार किमी, पुण्याचीच. २३ लाख.

रोज वापरायला यातली कुठली घ्यावी? आणि महिन्याचा खर्च खरंच किती येतो, तेवढं स्पष्ट सांगा.

---

घाटातलं_डिझेल

आधी खर्च, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तुमच्या रस्त्याला फॉर्च्युनर ऑटोमॅटिक शहर आणि हायवे धरून लिटरला ९ ते १० देईल. ९.५ धरा, डिझेल ९० रुपये धरा. १८ हजार किमीला १,८९५ लिटर, म्हणजे १ लाख ७० हजार. इन्शुरन्स ४५ हजारांच्या आसपास. टायरचा सेट ७० हजारांचा आणि तो ५० हजार किमी चालतो असं धरलं तर वर्षाचा हिस्सा २५ हजार. दर १० हजार किमीला सर्व्हिस, त्याचे ३० हजार. ब्रेक पॅड, बुश, बॅटरी यासाठी २० हजार बाजूला ठेवा. बेरीज २ लाख ९० हजार, महिन्याला २४ हजार. यात हप्ता नाही आणि गाडीची उतरणारी किंमतही नाही. ३.२ एंडेव्हर ट्रॅफिकमध्ये ७-८ वर येते, तिथे महिन्याचा डिझेलचा आकडा आणखी वाढवून धरा.

हा आकडा पचत असेल तरच पुढे वाचा. पचत नसेल तर हिंजवडीच्या त्या रस्त्याला साधी सीएनजी गाडी घ्या.

आता गाड्या. रोजच्या वापरासाठी जुनी मोठी डिझेल गाडी निवडताना मी इंजिनच्या ताकदीच्या आधी बीएस४ की बीएस६ ते बघतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लाइनला डीपीएफ असतो, काजळी पकडणारी जाळी. जाळीत काजळी साठली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जादा डिझेल सोडून तापमान ५५०-६०० अंशांवर नेतो आणि ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी सलग १५-२० मिनिटं ५०-६० च्या वर, न थांबता चालावी लागते. भूमकर चौकात हे होत नाही. जाळणं सुरू होतं, तुम्ही पार्किंगमध्ये शिरून इंजिन बंद करता, काम अर्धवट राहतं. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो, मग पिकअप जातो, मग सर्व्हिस सेंटरला नेऊन जबरदस्तीने रिजनरेशन, म्हणजे हेच काजळी जाळणं, करावं लागतं.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. त्या जादा डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी ‘मॅक्स’ च्या वर चढलेलं दिसलं तर ते हेच. तुमच्या तिसऱ्या गाडीत म्हणजे २.० मध्ये हे जास्त महागात पडतं, कारण तिचा टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) ऑइलमध्येच फिरतो. पातळ झालेलं, डिझेल मिसळलेलं ऑइल त्या बेल्टचं रबर खातं. त्याचे कण ऑइल स्ट्रेनरला जाऊन बसतात आणि प्रेशर पडतं. त्या इंजिनला कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल हवं, आणि तुमच्यासारख्या वापराला ते वेळेआधी, ७-८ हजारांवर बदलायला हवं. आधीच्या मालकाने ते केलंय की नाही, त्याची बिलं बघा. बिलं नसतील तर ही गाडी सोडा, मग ती कितीही चकाचक असो.

पहिल्या आणि दुसऱ्या गाडीला टायमिंग चेन आहे. फॉर्च्युनरचं जुनं ३.० इंजिन, २०१६ च्या आधीचं, बेल्टवर चालायचं आणि तो दीड लाखाला बदलावा लागायचा. २.८ ला ती काळजी नाही.

रोज हातात घेऊन चालवायच्या दृष्टीने मात्र एंडेव्हर बरीच पुढे आहे, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. तिचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक, पार्किंगमध्ये एका हाताने वळतं. २०१८ च्या फॉर्च्युनरचं हायड्रॉलिक, कमी स्पीडला जड. खड्ड्यांवर फॉर्च्युनर मागून उसळते, गाडीत एकटा माणूस असेल तर जास्तच. मागे बसणाऱ्यांना सातारा रस्त्याला हा फरक नक्की जाणवेल. तरीही तुमच्या तिघींत मी पहिली घेईन. कारण पार्ट कुठेही मिळतो, कुठल्याही गावातला मिस्त्री तिला हात लावतो, आणि पाच वर्षांनी विकताना गिऱ्हाईक दारात येतं.

---

निगडीचा_पाना

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ३.२ बद्दल एक गोष्ट जोडतो, ती फार कमी लोक सांगतात. त्या पाच सिलिंडरच्या इंजिनात जवळपास १० लिटर ऑइल लागतं, आणि जुनं ऑइल काढल्यावर दहा मिनिटांच्या आत नवीन भरावंच लागतं. ड्रेन प्लग उघडा ठेवून मिस्त्री चहाला गेला तर ऑइल पंपात हवा शिरते. मग स्टार्ट केल्यावर पंप ऑइल ओढत नाही आणि इंजिन कोरडं फिरतं. बेअरिंग गेलं की काम लाखांत. म्हणून ही गाडी घ्याल तर हे ज्याला माहीत आहे अशाच माणसाकडे द्या. ईजीआर कूलरही (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) बघा: बाहेर कुठे गळती नाही, तरी कूलंट कमी होतंय, तर तो आतून फुटलेला असू शकतो.

गाडी बघायला जाताना असं करा. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर परत या किंवा दोन-तीन तास थांबा. थंड इंजिन सुरू करताना जे ऐकू येतं ते नंतर ऐकू येत नाही. २.८ मध्ये पहिल्या मिनिटाला टकटक आवाज, आयडलला थरथर किंवा पांढरा धूर असेल तर इंजेक्टर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मीटर पाडलेलं आहे का, ते एका जागी कळत नाही, चार जागी जुळवायचं. ब्रेक पॅडलचं रबर, स्टेअरिंगची वरची कड, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू. मग टायरवरचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ९६ हजार चाललेल्या गाडीला पहिलेच टायर असतील असं नाही, पण चौथा की पाचवा सेट असेल तर प्रश्न विचारा. सगळ्या काचांवरही तारीख असते, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का बदलली ते विचारा. शेवटी चासी नंबर देऊन अधिकृत सेंटरमधून सर्व्हिस हिस्टरी काढा. पुढाऱ्यांच्या ताफ्यातल्या फॉर्च्युनर वर्षाला ५०-६० हजार सहज पळतात, तेव्हा २०१८ च्या गाडीवर ९६ हजार हा आकडा खरा असेलही, पण कागदावर दिसला पाहिजे.

पुराची गाडी ओळखणं महत्त्वाचं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीत राहिलेल्या भागावर चिखलाची रेष दिसते. पुढची सीट पूर्ण मागे घेऊन रेलचे बोल्ट बघा, ते गंजलेले नसावेत. डॅशबोर्डच्या खालचा एखादा कनेक्टर काढून बघा, पिनांवर हिरवट थर किंवा गाळ असेल तर तिथूनच निघा. इंजिन सुधारता येतं, पाण्यात भिजलेलं वायरिंग वर्षानुवर्षं छळतं.

लॅडर चासी, म्हणजे खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, असल्याने लिफ्टवर घ्या. समुद्राकाठी राहिलेल्या गाडीला मागच्या क्रॉस मेंबरवर आणि सस्पेन्शन जिथे बसतं त्या वेल्डिंगवर गंज चढतो. वरून काळा रंग ताजा मारलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरने हलकं खरवडून बघा. ४×४ असेल तर लो रेंज टाकून दहा-वीस मीटर चालवा, आणि डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून रंग बघा. दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय.

बीएस६ गाडी बघत असाल तर सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काजळी लागली तर डीपीएफ फुटलाय किंवा काढून टाकलाय. स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण आणि शेवटचं रिजनरेशन किती किमीपूर्वी झालं ते वाचता येतं. हजार-पंधराशे रुपयांसाठी स्कॅन टाळू नका.

---

फॉर्म_तीस

दिल्लीच्या गाडीबद्दल, कारण १५ लाख हा आकडा बघून मोह होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची मनाई कायम केली; २०२५ मध्ये बीएस४ आणि पुढच्या गाड्यांना त्यातून दिलासा दिला. त्या मनाईमुळे तिथले मालक वय वाढायच्या आत विकत आले आणि तिथला भाव पडला. गाडी वाईट असते असं नाही. पण १५ लाख ही पूर्ण किंमत नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १५ टक्के रोड टॅक्स आहे. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, तरी रक्कम लाखांतच जाते. आधी आपल्या आरटीओत गाडीचं मॉडेल आणि नोंदणीची तारीख दाखवून नेमका आकडा काढून घ्या, मगच टोकन द्या. त्यात गाडी आणण्याचा खर्च आणि एजंट धरा. मग पुण्यातल्या गाडीशी तुलना करा, फरक बराच आटलेला दिसेल.

कागद: एनओसी म्हणजे फॉर्म २८, विक्रीची सूचना २९, नाव बदलण्याचा अर्ज ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, इन्शुरन्स, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं स्वतः बघा, विक्रेत्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही. २०१८ ची गाडी असल्याने एचएसआरपी पाटी बसली आहे का तेही बघा.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तुमच्या स्विफ्टवर तो साठला असेल तर ती विकताना पत्र घ्या आणि इकडे वापरा.

आणि भाव ठरवताना नवीन गाडीची आजची किंमत समोर ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांचा होता तो ४० वर आला. काही विक्रेते अजून जुन्या शोरूम किमतीवरून हिशेब सांगतात.

---

मावळचा_प्रवासी

खूप उपयोग झाला, मनापासून आभार. दिल्लीची बाद केली. एक प्रश्न राहिला. स्विफ्ट विकली नाही आणि हिंजवडीला तीच वापरली, मोठी गाडी फक्त साताऱ्यासाठी ठेवली, तर २.० बीएस६ घेता येईल का? आणि सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग आहे, त्याचं काय?

---

घाटातलं_डिझेल

मग गणित बदलतं. महिन्यातून दोनदा सातारा म्हणजे खंबाटकी धरून दोन-अडीच तास सलग चाल. डीपीएफला याहून चांगलं काही नाही. रोजची ट्रॅफिक गेली की काजळी साठायचा वेगच कमी होतो. फक्त हायवेवर रिजनरेशन चालू असताना टोल किंवा चहासाठी लगेच बंद करू नका. आयडल थोडा वर गेलेला आणि पंखा जोरात चालू असेल तर दहा मिनिटं आणखी चालवा. बेल्ट आणि ऑइलबद्दल सांगितलेलं मात्र तसंच राहतं, बिलं हवीतच. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट मिळतात, पण सेंटर कमी आहेत आणि बॉडी पार्टला थांबावं लागतं. दुसरी गाडी हाताशी असेल तर ते थांबणं जमतं, नसेल तर नाही.

पार्किंगचं आजच बघून या. पॅलेटजवळ (गाडी उचलणाऱ्या पत्र्याजवळ) फलकावर वजन, उंची, लांबी लिहिलेली असते. या गाड्या २ टनांच्या वर, एंडेव्हर जवळपास ४.९ मीटर लांब, दोन्ही साधारण १.८४ मीटर उंच. बऱ्याच पॅलेट सेडानच्या मापाच्या असतात. तिथे बसत नसेल तर खालच्या मजल्यावरची जागा सोसायटीकडून लेखी मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका.